व्हॅनमध्ये रोज रात्री झोपमोड होते? बिघाड संध्याकाळी शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "गाडी चांगली आहे, गादी चांगली आहे, तरी रात्री धड झोप लागत नाही." जरा खोदून विचारलं की कळतं, कारण रोज वेगळं. परवा कुणीतरी काच वाजवली, काल डोक्याची बाजू खाली आली म्हणून मान आखडली, आज पहाटे फ्रीज बंद पडला. माणूस मग एकेका कारणाच्या मागे लागतो. आम्हीही लागलो होतो. व्हॅनमध्ये राहायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत गादी बदलली, पडदे जाड केले, बॅटरी नवी घातली. तरी आठवड्यातल्या तीन-चार रात्री वायाच.

शेवटी नवऱ्याने एक वही घातली. रोज चारच गोष्टी लिहायच्या: हँडब्रेक किती वाजता ओढला, जागा कशी होती, जाग किती वाजता आली, कशाने आली. तीन आठवड्यांनी पानं उलटून बघितली तर जाग येण्याची कारणं सतराशे साठ होती, पण पहिला रकाना बोलका होता. बिघडलेल्या बहुतेक रात्री आम्ही अंधार पडल्यावर पोचलो होतो. अंधारात उतार कळत नाही, झाडाआडची पाटी दिसत नाही, शेजारच्या ट्रकवर काय बसवलंय ते समजत नाही. दमलेला ड्रायव्हर पहिली रिकामी जागा बघून "चालेल की" म्हणतो आणि ते "चालेल" रात्री दोन वाजता उठवतं.

म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी आठ-दहा दिवस ही वही घाला. त्याने निम्मं निदान होतं. उरलेलं निदान जाग येण्याच्या वेळेवरून होतं.

जाग किती वाजता येते?

दहा ते बाराच्या मध्ये आली तर कारण बहुधा माणसं: राखणदार, पोलीस, घरमालक, मोटरसायकली घेऊन जमणारी पोरं. दोन ते चारमध्ये आली तर उतार, गारठा, वारा किंवा एखादं यंत्र. पाचच्या आसपास आली तर मालाच्या गाड्या, कचऱ्याची गाडी, रस्ता झाडणारे, आणि दिवस लवकर उगवत असेल तर ऊन. जाग येत नाही पण सकाळी उठल्यावर अंग जड, पांघरूण दमट आणि काचांवरून पाणी ओघळतंय, तर हवा खेळत नाहीये. डोकं ठणकतंय आणि मळमळतंय, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी खालचा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा भाग वाचा.

काच वाजते तेव्हा

सगळ्यात जास्त धसका याचाच असतो. खरं तर हे टाळणं फारसं अवघड नाही, कारण काच वाजवणाऱ्याला बहुतेक वेळा तुमच्या झोपण्याचा त्रास नसतो. त्याला तुमच्या पसाऱ्याचा त्रास असतो. गाडी उभी करणं वेगळं आणि मुक्काम ठोकणं वेगळं, हा फरक अनेक देशांचे नियम करतात आणि रस्त्यावरची माणसंही करतात. चाकं जमिनीवर आहेत, दारं बंद आहेत, बाहेर काही नाही, तोवर ती उभी केलेली गाडी. छत बाहेर ओढलं, खुर्ची मांडली, दोरीवर टॉवेल टाकला की तो तळ झाला.

नियम देशागणिक बदलतात, किती बदलतात त्याची ही कल्पना. जर्मनीत गाडी चालवण्याइतकं ताजंतवानं होण्यासाठी सार्वजनिक जागी एक रात्र गाडीत झोपणं चालवून घेतात, मुक्काम करणं नाही. जपानमध्ये रस्त्याकडेच्या 'मिची नो एकी' थांब्यांवर डुलकी काढायला हरकत नसते, पण ती राहण्याची जागा म्हणून वापरू नये अशी अपेक्षा असते. न्यूझीलंडमध्ये 2011 सालापासून फुकट मुक्कामाचा वेगळा कायदाच आहे आणि 2023 च्या बदलानंतर 'स्वयंपूर्ण' गाडीचं प्रमाणपत्र हवं असेल तर आत पक्का बसवलेला संडास लागतो. अमेरिकेत बीएलएम या केंद्रीय खात्याच्या मोकळ्या जमिनींवर साधारणपणे 28 दिवसांत 14 दिवस राहता येतं, मग जागा सोडायची. नॉर्वे-स्वीडनमध्ये रानावनात फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे हे ऐकून लोक गाडी थेट गवतात घालतात. तो हक्क पायी जाणाऱ्याचा आहे, इंजिनाचा नाही. एका देशात चाललं म्हणून दुसऱ्या देशात चालेल असं धरून चाललात तर काच वाजणारच.

आणखी एक गोष्ट, पिणाऱ्यांसाठी. ब्रिटनमध्ये दारू प्यायलेला माणूस उभ्या गाडीतही 'गाडी ताब्यात असलेला' म्हणून गुन्ह्यात सापडू शकतो, भले तो मागे गादीवर झोपलेला असो. "मी कुठं चालवत होतो?" हे तिथे आपोआप मान्य होत नाही, गाडी चालवण्याची शक्यता नव्हती हे त्याला दाखवून द्यावं लागतं. ज्या रात्री पिणार त्या रात्री उठवून हाकलतील अशा जागी राहूच नये, कारण तेव्हा तुम्हाला हलताही येत नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. पोचल्यावर गाडीतून उतरून जागेला एक फेरी मारायची आणि पाट्या वाचायच्या, पाठीमागच्या बाजूनेही. स्वयंपाक आणि जेवण दुसरीकडे, आधीच्या थांब्यावर उरकायचं आणि झोपायच्या जागी फक्त झोपायला यायचं. गाडीचं तोंड बाहेर जायच्या रस्त्याकडे. ड्रायव्हरची सीट मोकळी, तिच्यावर बॅगा-कपडे काही नाही. किल्ली रोज एकाच खुंटीला. मागचा संसार न आवरता, बाजूचं सरकतं दार न उघडता, दोन मिनिटांत चाकं फिरली पाहिजेत. पडदे लावल्यावर एकाने बाहेर जाऊन आतला दिवा लावून बघायचा. कुठल्या फटीतून उजेड झिरपतो ते आतून कधीच कळत नाही. आमच्या गाडीत मागच्या दाराच्या बिजागरीपाशी करंगळीएवढी फट होती आणि बाहेरून ती कंदिलासारखी दिसायची. आम्हाला कळायला दीड महिना लागला.

आणि तरीही वाजली काच, तर सरकतं दार उघडू नका. पुढच्या सीटवर या, काच चार बोटं खाली करा, बोला. एकदा साडेअकराला राखणदार आला. म्हणाला, "इथं थांबता येणार नाही." नवऱ्याच्या तोंडावर वाद तयार होता, पाटी कुठंय, नियम दाखवा वगैरे. मी मध्ये पडले: "दादा, निघतोच आम्ही. रात्रीपुरतं जवळपास कुठं चालेल?" तो क्षणभर थांबला, मग हाताने दाखवून म्हणाला, "त्या मैदानाच्या पलीकडं लावा, तिकडं कुणी बघत नाही." पुढच्या तीन रात्री आम्ही तिथंच होतो. मध्यरात्री हक्क शाबीत करून झोप मिळत नाही. हक्काचं बोलायचं असेल तर सकाळी दहानंतर.

एखाद्या जागी पोचल्यावर काही कारण नसताना बरं वाटत नसेल, तर निघा. त्याचं कारण शोधत बसू नका. बाई म्हणून सांगते, या बाबतीत माझा अंदाज चुकीचा निघाला तर फार तर दहा किलोमीटरचं इंधन जाईल.

उतार: दिसत नाही, पण रात्रभर छळतो

दोन मीटर लांबीच्या गादीवर एक अंशाचा उतार म्हणजे डोकं आणि पाय यांत साडेतीन सेंटिमीटरचा फरक. तीन अंश म्हणजे साडेदहा. डोळ्याला तीन अंशाचा रस्ता सपाटच वाटतो, विशेषतः तासन्तास घाटातून आल्यावर. शरीराला मात्र कळतं. डोकं खाली असेल तर नाक चोंदतं, डोकं जड होतं. आडवा उतार असेल तर रात्रभर तुम्ही झोपेतच स्वतःला गादीच्या कडेपासून मागे खेचत असता आणि सकाळी कंबर बोलते.

गवंड्याची पाणसळ हातभर लांबीची असते, तिची काही गरज नाही. बोटाएवढी छोटी मिळते, ती पलंगाच्या फळीवर कायमची चिकटवून टाका. एक उभी, एक आडवी. सीटवर किंवा डॅशबोर्डवर लावू नका, कारण तुम्ही डॅशबोर्डवर झोपत नाही. फोनमधलं अ‍ॅपही चालतं, पण ते आधी सपाट फरशीवर ठेवून शून्यावर आणावं लागतं आणि हे कुणी करत नाही.

आडवा उतार आधी मारायचा, उभा नंतर. आडव्यासाठी खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या किंवा उतरते ठोकळे. उभा उतार थोडा राहिला तरी चालतो, डोकं वरच्या बाजूला करून झोपलं की झालं. पलंग असा बांधा की उशी दोन्ही टोकांना टाकता येईल. आमच्या पलंगाला एका टोकाला कपाट आहे, त्यामुळे आम्हाला नेहमी गाडीच फिरवावी लागते. बांधताना हे सुचलं नाही. चाक ठोकळ्यावर चढवलं की हँडब्रेक, गियर आणि चाकामागे दगड, तिन्ही. एकावर विसंबू नये.

गॅसवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला फ्रीज असेल तर उताराचा प्रश्न नुसता झोपेचा नाही. त्यातलं द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहतं. गाडी फार कललेली असली की ते अडतं आणि फ्रीज थंड करणं सोडून देतो. असा फ्रीज "कधी चालतो, कधी नाही" अशी तक्रार आली की मी आधी उतारच विचारते.

आवाज आणि वारा

यात फार सांगण्यासारखं नाही. मोठ्या ट्रकांच्या शेजारी लावताना ट्रकच्या माथ्यावर पुढच्या बाजूला यंत्राची पेटी आहे का बघा. असेल तर तो थंड मालाचा ट्रक, आणि त्याचं यंत्र रात्रभर थांबून थांबून सुरू होतं. एकसारख्या आवाजाची सवय होते, थांबून सुरू होणाऱ्याची होत नाही. दुकानांच्या मागच्या बाजूला, जिथं मालाचे चौथरे असतात, तिथं पाचला जाग ठरलेली. रेल्वेचा रूळ नकाशात बघा, कारण संध्याकाळी एकही गाडी गेली नाही म्हणजे रात्री मालगाडी जाणार नाही असं नाही. वारा असेल तर तोंड वाऱ्याकडे. उंच टपाची व्हॅन वाऱ्याला आडवी लावली तर बोटीत झोपल्यासारखं होतं.

झाडाखाली सावली मिळते, पण वारा सुटला की फांद्या पडतात आणि पाऊस थांबल्यावरही टपावर तासभर थेंब वाजत राहतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात आणि भरतीच्या रेषेखाली कधीही नाही. वर डोंगरात पाऊस पडला तर खाली आभाळ निरभ्र असतानाही पाणी येतं.

सकाळी गाडी आतून ओली

हा खरा चिवट बिघाड, म्हणून जरा हिशेब मांडते. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघं आठ तास झोपली तर सहाशे ग्रॅमच्या वर. आता गाडीतली हवा किती? मध्यम व्हॅनमध्ये दहा घनमीटर धरू. 20 अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 17 ग्रॅम बाष्प धरते, म्हणजे सगळी गाडी मिळून 170 ग्रॅम. 10 अंशाला हवा फक्त 9.4 ग्रॅम धरते, म्हणजे 94 ग्रॅम. गाडी पूर्ण बंद केली तर मध्यरात्रीच्या आत हवा भरून जाते. उरलेलं पाणी कुठंतरी बसणारच, आणि ते सगळ्यात गार जागेवर बसतं: काच, पत्रा, दाराच्या चौकटी आणि गादीची खालची बाजू.

त्यात झोपायच्या आधी आत गॅसवर शिजवलं असेल तर आणखी भर. गॅस जळताना पाणी तयार होतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. प्रोपेन किंवा ब्यूटेनचे 100 ग्रॅम जाळले की त्यातून दीडशेहून जास्त ग्रॅम पाण्याची वाफ निघते, भांड्यातली वाफ वेगळीच.

आता लोक काय करतात? गारठा वाटतो म्हणून सगळ्या फटी बंद करतात, आणि ओल शोषणाऱ्या क्षाराचा डबा आणून ठेवतात. असा डबा आठवड्यांच्या हिशेबाने काहीशे ग्रॅम पाणी ओढतो. तुम्ही एका रात्रीत तेवढं सोडता. डब्यात पाणी साचलेलं दिसतं म्हणून काम होतंय असं वाटतं, बाकी काही नाही.

उपाय एकच, आणि तो गैरसोयीचा आहे: हवा बाहेर जाऊ द्यायची. एक फट खाली, एक वर, शक्यतो समोरासमोरच्या कोपऱ्यांत. टपावर पंखा असेल तर तो हवा बाहेर फेकेल असा, सगळ्यात कमी वेगावर रात्रभर, आणि दूरची एक काच दोन बोटं खाली. पाऊस असेल तर काचेवर बाहेरून पन्हाळ लावता येतो. दोन फटींमुळे थोडी ऊब जाते हे खरं, पण कोरड्या गार हवेत जाड पांघरूण घेऊन झोपणं ओल्या उबेपेक्षा केव्हाही बरं. शिजवताना पंखा पूर्ण वेगावर आणि भांड्यावर झाकण. ओले कपडे, छत्र्या, बूट रात्री पुढच्या केबिनमध्ये, मध्ये पडदा. आणि सकाळी उठल्या उठल्या दहा मिनिटं सगळी दारं सताड उघडी.

पुढच्या काचेला आतून फोमची शीट लावत असाल तर शीटमागची काच आणखी गार पडते आणि पाणी शीटच्या मागे साचतं. बाहेरून टाकायचं आवरण त्याबाबतीत सरस, पण ते काढल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. जिथं काच वाजण्याची शक्यता आहे तिथं आतली शीट, जिथं निवांत आहे तिथं बाहेरचं आवरण. दोन्ही ठेवावीत.

गादी आठवड्यातून एकदा उलटून बघाच. आमच्या गादीखाली सरळ प्लायवुड होतं. दोन महिन्यांनी उचलली तर खालच्या कापडावर माझ्या पाठीचा आणि खांद्यांचा नकाशा उमटलेला, काळ्या ठिपक्यांत. उजव्या कुशीवर झोपते मी, तेही ओळखू येत होतं. प्लायवुड काढून पट्ट्या घातल्या, पट्टीपट्टीमध्ये तीन बोटं अंतर, तेव्हा बुरशी थांबली.

यातही संध्याकाळच्या निवडीचा हात आहे. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून घरंगळत खड्ड्यात, दरीच्या तळाशी, नदीकाठी साचते. संध्याकाळी सुंदर दिसणारी तळ्याकाठची सपाट जागा पहाटे सगळ्यात गार आणि सगळ्यात ओली असते. तीच गाडी थोडी वर, टेकडीच्या खांद्यावर लावली तर सकाळी काच पुसावी लागत नाही. पूर्वेला मोकळं असेल तर उत्तमच, ऊन पहिल्यांदा तुमच्याच काचेवर येतं.

पहाटे चारला फ्रीज बंद, पंखा मंद

पहिला संशय बॅटरीवर जातो आणि लोक बॅटरी बदलतात. थांबा. व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घ्या.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी, दोन-तीन तास काही न जोडता ठेवली की 12.6-12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे पाव. निम्म्याच्या खाली रोज नेलीत तर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत 13 च्या आसपास सपाट राहतो, त्यामुळे तिथं व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका, अँपिअर मोजणारं मीटर लावा. आणि ही बॅटरी शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते.

मग खर्च बघा. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज दिवसाला साधारण 30 ते 50 अँपिअर-तास घेतो, उन्हाळ्यात जास्त. खरा चोर वेगळाच असतो: इन्व्हर्टर. त्याला काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी 10 ते 20 वॉट खातो. दहा तासांत आठ ते सोळा अँपिअर-तास, फुकट. फोन चार्ज करायला इन्व्हर्टर लावणं म्हणजे भांडंभर पाण्यासाठी टँकर बोलावणं. बारा व्होल्टवरून थेट चार्ज करा, झोपताना इन्व्हर्टर बटणाने बंद.

आता आमची फजिती. नवी बॅटरी घातली, तरी फ्रीज पहाटे बंद. बॅटरीवर मीटर लावला, 12.3. म्हणजे बॅटरी शाबूत. फ्रीजच्या टोकाला मीटर लावला आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघत टॉर्च तोंडात धरून बसले. सुरू व्हायच्या क्षणी काटा 11 च्या खाली. फ्रीजला वाटायचं बॅटरी मेली, तो स्वतःला बंद करून घ्यायचा. वायर होती दीड चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन दहा मीटर. अशा वायरीचा रोध 0.12 ओहमच्या जवळपास, म्हणजे पाच अँपिअरला 0.6 व्होल्ट वाटेतच गडप, आणि कॉम्प्रेसर उठताना त्याहून जास्त ओढतो. त्यात फ्यूजच्या खोबणीत हिरवट गंज. सहा चौरस मिलिमीटरची वायर ओढली, फ्यूजची खोबण बदलली, प्रश्न मिटला. नव्या बॅटरीचे पैसे उगाच गेले. बिघाड जिथं दिसतो तिथं मोजा, जिथं असेल असं वाटतं तिथं नंतर.

चार्जिंगचंही तेच. इंजिन चालू करून पुढच्या, गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीवर 14.2 आणि मागच्या, फ्रीज-पंख्याच्या बॅटरीवर 13.2 दिसत असेल तर वाटेत रिले (दोन बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच), अर्थिंगची जोडणी किंवा वायर आजारी. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारी यंत्रं) इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात, तिथं साधा रिले पुरत नाही, पडलेला व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. आणि गणित साधं ठेवा: 30 अँपिअरचा चार्जर अर्धा तास चालला तर 15 अँपिअर-तास मिळाले, बस. एका थांब्यावरून पुढच्यावर वीस मिनिटांत पोचणारे लोक "रोज गाडी चालवतो तरी बॅटरी भरत नाही" म्हणतात, ते यामुळे. शिवाय लेड-अ‍ॅसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तास न् तास लागतात, तो इंजिनने भरायच्या भानगडीत पडू नका. ते काम सोलरचं, आणि म्हणून संध्याकाळी गाडी लावताना सकाळी आठ ते अकरा सावली कुठं येईल ते बघायचं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावलीही सगळ्या पॅनलचं उत्पादन पाडते.

कार्बन मोनॉक्साइड

याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. सकाळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर, आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटतं, तर त्या गाडीत कारण सापडेपर्यंत झोपायचं नाही. डोकेदुखी एकाच वेळी दोघांनाही असेल तर संशय नाहीच, खात्री धरा. आत शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, कोळसा तर मुळीच नाही, इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, आणि शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर आपल्या खालच्या फटीतून येत नाही ना ते बघायचं. अलार्म झोपण्याच्या उंचीजवळ लावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो जमिनीलगत, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

प्रवासाचा दिवस उलटा आखा

इतकं सगळं संध्याकाळी बघायचं तर त्याला वेळ लागतो. म्हणून आम्ही दिवस शेवटाकडून आखतो. सूर्यास्त सातला असेल तर साडेपाचला थांबायचं, मग तेवढ्यात कितीही कमी अंतर झालेलं असो. सकाळीच दोन जागा ठरवायच्या आणि तिसरी, जी सुंदर नसेल पण नक्की मिळेल: पैसे देऊन राहायची जागा किंवा ट्रकतळ. पहिली फसली तर दुसरी, दुसरी फसली तर निमूट तिसरी. चौथी शोधायची नाही. चौथी जागा शोधताना आमची एकदा बाचाबाची झाली आणि त्या रात्री झोप न लागायचं कारण वहीत कुठल्याच रकान्यात बसेना.

उपग्रहाच्या नकाशात जागा बघताना दोन गोष्टी दिसत नाहीत: प्रवेशावरची उंचीची आडवी दांडी आणि जमिनीचा मऊपणा. गाडीची उंची टपावरच्या पंख्यासकट मोजून ड्रायव्हरसमोर लिहून चिकटवा. गवतावर चाक घालण्याआधी उतरून टाच रोवून बघा. टाच रुतली तर रात्रीच्या पावसानंतर चाकही रुतेल. ज्या चाकांना इंजिनचा जोर असतो ती तरी कडक जमिनीवर ठेवा.

पोचल्यावर लगेच बूट काढू नका. काढले की माणूस बाहेर फेरी मारत नाही.

हे सगळं पाळूनही महिन्यातून एक-दोन रात्री जातातच. वहीतली कालची नोंद अशी: "5:40. मैदानाची कड, पूर्व मोकळी. आडवा उतार दोन अंश, डाव्या चाकांखाली एक फळी. बॅटरी 12.5. काच दोन बोटं. जाग 3:10, कुत्रा, टायर हुंगत होता. 3:20 परत झोप."